उजवीकडचं पान

पानेवेझिसमध्ये ऑक्टोबर सरत आला की
गेनोवाइतेच्या दुकानातला फोन खाली ठेववत नाही.
मृतांच्या दिवसाआधी सगळ्यांनाच हवे असतात
थडग्यावर बसवायचे चेहरे,
तळहाताएवढ्या इनॅमलच्या बशीवर भाजलेले,
बर्फात न पुसणारे.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो.
"मदत उघडत नाही," एवढंच म्हणाली ती फोनवर.

एफ-वन दाबलं. खिडकी आली.
डावीकडे अनुक्रमणिका, शहाण्या मुलीसारखी:
थर. निवड. ब्रश. शिक्का.
उजवीकडे पांढरं.
कशावरही क्लिक करा, पांढरंच.
बर्फाच्या शेतात निदान
कोल्ह्याची पावलं तरी असतात.

नेहमीचे उपाय आधी केले.
फाइलवर उजवं बटण, गुणधर्म,
तळाशी शेरा: ही परक्या यंत्रातून आलेली आहे.
शेजारच्या चौकटीत खूण केली. अडसर निघाला,
पान नाही आलं.
विंडोज नवं, प्रोग्रॅम मात्र वीस वर्षांचा, रशियन,
कुणा मेहुण्याने सीडीवर दिलेला.
पुन्हा टाकून पाहिला. पांढरं.

तोवर तिने चहा ओतला
आणि न विचारता सांगितलं,
हे सगळं ब्रोन्युस करायचा.
मी पैसे घ्यायचे, आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे,
छान उतरलाय हं चेहरा.
मार्चमध्ये तो गेला. उन्हाळा पुतणीने निभावला,
ती आता नॉर्वेत मासे साफ करते.

मग मला पत्ता दिसला, वरच्या पट्टीतला, लांबलचक.
सगळी मदत त्याच्याच फोल्डरात,
आणि फोल्डरच्या नावाआधी
दोन उभ्या रेघा, दोन आडव्या:
फुली-गोळ्याचा न खेळलेला डाव.

"हे का?"
"यादीत वर राहावं म्हणून.
गायनमंडळातही बुटका असून
मागच्या फळीवर चढून उभा राहायचा."

मदत वाचून दाखवणारा तो जुना, भाबडा प्रोग्रॅम
त्या जाळीपाशी येतो, त्याला वाटतं पत्ता संपला,
आता पानातली ओळ शोधायची.
पान कुठलं, ते राहूनच जातं.

चिन्ह पुसणं सेकंदाचं काम.
मी बोट ठेवलं.
"थांब," ती म्हणाली,
आणि पुढे काहीच म्हणाली नाही.

मग त्याचं फोल्डर मी तसंच ठेवलं.
मदतीची तेवढी नक्कल करून दुसरीकडे नेली,
साध्या नावाखाली.
उजवीकडे अक्षरं उमटली,
तिच्या शाळेतली, सक्तीची, न विसरलेली.
ओठ हलवत तिने वाचलं:
शिक्का मारण्याआधी ऑल्ट दाबून धरा
आणि दाखवा, कुठून घ्यायचं.
आधी कुठून. मग कुठे.
दोनदा वाचलं.

फोटो पुतणीच्या लग्नातला.
ब्रोन्युस टाय सैल करून हसतोय,
डाव्या खांद्यावर एक हात, अंगठी घातलेला,
हाताचं माणूस फोटोबाहेर.
दगडावर नाव एकाचंच, म्हणून हात काढायचा होता.
मी काही बोललो नाही.
त्याच हाताने मघाशी साखर पुढे केली होती.

वीस युरो दिले तिने, वर अळंब्यांच्या लोणच्याची बरणी.

गुरुवारी पुन्हा फोन.
भट्टीवाला हसला म्हणे: बाई, बशी लंबगोल,
खांदा तसाही कापला जातो.
"तीन रात्री मी कोटाचं कापड उचलून
बोटांवर ठेवत बसले होते.
करंगळी तेवढी राहिली होती."

येऊन जाऊ का, मी विचारलं.
"कशाला? मदत उघडते आता.
झोपण्याआधी थोडी थोडी वाचते.
काल थर संपले."